तुळजापूरच्या पुढच्या डोंगरातली नवख्यांची ट्रायथलॉन: पाण्यात दहापैकी दहा, रस्त्यावर सहा

आधीच सांगते, आयोजकांचं नाव मी लिहिणार नाहीये. यात कौतुक आहे तशा तक्रारी पण आहेत, आणि ती पोरं नोकऱ्या सांभाळून मनापासून हे करतात, त्यामुळं नाव घेऊन बोलणं मला बरोबर वाटत नाही. सोलापुरात सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, फेब्रुवारीत तुळजापूरच्या पुढं डोंगरातल्या तलावावर होते ती ट्रायथलॉन, म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं, लगेच सांगतील.

माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आहे ते कळणार नाही. मी ४१ वर्षांची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, दिवसभर खुर्चीत. पोहायला दीड वर्षापूर्वी शिकले, लेडीज बॅचला, तोपर्यंत गळ्यापर्यंतच्या पाण्यात पण उतरले नव्हते. सायकल माझी नाही, भाच्याची आहे, २१ गिअरची हायब्रीड. खेळाडू मी शाळेतपण नव्हते. जाहिरातीत लिहिलं होतं 'पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी', आणि पहिल्यांदा करणारी म्हणजे मीच की, म्हणून मी त्याच डोळ्यानं बघितलं सगळं.

लोकांना ट्रायथलॉन म्हणलं की मिलिंद सोमणनं २०१५ ला केलेली आयर्नमॅनच आठवते, ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी पळणं. घरी सांगितल्यावर सासूबाई घाबरल्या त्या त्याच्यामुळंच. पण ते सगळ्यात मोठं अंतर झालं. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये जे असतं ते दीड किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं. त्याच्या निम्मं म्हणजे स्प्रिंट, ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. आणि नवख्यांसाठी त्याच्यापेक्षा पण छोटं ठेवतात, इथं होतं ३०० मीटर पोहणं, १२ किमी सायकल, ३ किमी पळणं, आणि सगळ्याला मिळून दोन तास. स्प्रिंट पण होती त्याच दिवशी, भाचा त्यात होता. फी माझ्या गटाला १८०० रुपये, त्यात टोपी, नंबर, पायाला बांधायची टायमिंगची चिप, मेडल, टीशर्ट आणि नाष्टा. टीशर्टबद्दल एवढंच सांगते की बायकांच्या मापाचा एकपण नव्हता, फॉर्मवर माप विचारून सुद्धा.

आता डोंगराचं. सोलापूर सपाट, हे आपल्याला माहितीय. आपल्याकडं चढ म्हणजे उड्डाणपूल. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे बालाघाटच्या अंगावर दोनशे मीटर चढायचं, आणि त्यातलं बरंचसं शेवटी घाटात येतं. आश्विन पौर्णिमेला आपल्या सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूरला रात्रभर चालत जाताना पण ४० किमी काही वाटत नाही आणि घाट लागला की मग पाय बोलायला लागतात. मी सात वेळा चालत गेलेय, अनवाणी. त्याच भरवशावर मी फॉर्म भरला, खोटं कशाला सांगू, ४५ किमी चालू शकते तर ३ किमी पळू शकत नाही का असं वाटलं. चालणं आणि पळणं वेगळं असतं हे तयारी सुरू केल्यावर कळालं, पण रात्रभर न थांबता पाय टाकत राहायची सवय मात्र कामाला आली.

तयारी मी तीन महिने केली. आठवड्यात तीन दिवस पोहणं, रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकल आणि परत आल्यावर लगेच, बूट न बदलता, दहा-पंधरा मिनिटं पळणं. हे सायकलवरून उतरून पळणं भाच्यानं सक्तीनं करून घेतलं. सायकलवर मांड्या एका चालीनं फिरत असतात, उतरल्यावर पाय दुसऱ्याच कुणाचे लागलेत असं वाटतं, ती सवय आधी केली नाही तर त्या दिवशी घाबरायला होतं. तुळजापूर रोडला सायकल नेणार असाल तर पहाटेच जा, तो हायवे ५२ आहे, सात वाजल्यानंतर ट्रकांची रांग लागते.

त्या दिवशी आम्ही पहाटे साडेतीनला निघालो, भाऊ, भाचा, मी, दोन सायकली गाडीच्या टपावर दोरीनं बांधलेल्या. पाचला तलावावर. अंधार, थंडी, आणि जनरेटरचा आवाज. पार्किंग व्यवस्थित होतं, शेतात आखून दिलेलं, गावातली पोरं टॉर्च घेऊन उभी. नंबर घ्यायला दहा मिनिटं लागली, दंडावर आणि पोटरीवर मार्करनं नंबर लिहिले. मग सायकल स्टँडला लावायची, म्हणजे आडव्या पाइपला सीटनं अडकवायची, आणि शेजारी आपलं सामान मांडायचं, हेल्मेट, बूट, मोजे, पाण्याची बाटली. मी खाली आमच्या कारखान्याचा मोठा टेरी टॉवेल अंथरला, पाण्यातून आल्यावर त्याच्यावरच उभं राहायचं, पाय आपोआप कोरडे होतात. शेजारच्या बाई लातूरहून आल्या होत्या, त्यांनी नॅपकिनएवढा काहीतरी आणला होता, त्या पण माझ्याच टॉवेलवर उभ्या राहिल्या. जाणाऱ्यांनी मोठाच न्या.

बायकांसाठी कपड्याचं लिहिते कारण मला हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. मध्ये कपडे बदलायला वेळ पण नसतो आणि खरंतर जागा पण नसते. बदलायचा तंबू एकच होता आणि त्याची चेन अर्ध्यातूनच लागत होती, एक जण बाहेर पहारा देत उभी राहायची. तर गुडघ्यापर्यंतचा पोहायचा ड्रेस घाला, पाण्यातून आल्यावर त्याच्यावरच टीशर्ट चढवा, नंबर टीशर्टला आदल्या रात्रीच पिनांनी लावून ठेवा. ओल्या कपड्यात १२ किमी सायकल चालवायची म्हणजे मांड्या घासतात, व्हॅसलीन भरपूर लावा, काखेत आणि मानेच्या मागं पण. उन्हानं कपडे पंधरा मिनिटांत वाळतात. टॉयलेट पाच होती, तीन बायकांना, पाणी होतं, स्वच्छ होती. सकाळी सहापर्यंत तरी.

आता पाण्याबद्दल, आणि इथं मी थोडं लांबण लावणार आहे कारण मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती आणि त्यांनी सगळ्यात चांगलं काम पण इथंच केलं.

स्विमिंग पूलमध्ये खाली निळी फरशी दिसते, रेघ दिसते, दमलं की कडेला हात लावता येतो. तलावात डोकं खाली घातलं की हिरवट काळं, स्वतःचा हात पण कोपरापर्यंतच दिसतो. सरळ चाललोय का वाकडं हे कळायला काहीच नसतं, म्हणून सात-आठ हात मारले की मान थोडी वर काढून समोरचा फुगा, म्हणजे रस्ता कळावा म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेला, तो बघायचा. आणि गार पाण्यात एकदम उतरलं की छाती आवळते, श्वास आपोआप जोरजोरात व्हायला लागतो. हे सगळ्यांना होतं, कमजोर माणसालाच होतं असं नाही, अंगाला गार लागलं की शरीर तसंच करतं, आणि एक-दोन मिनिटं धीर धरला की ते ओसरतं. पण तेवढ्या वेळात माणूस घाबरून पाणी गिळतो आणि तिथं गडबड होते.

तर या लोकांनी काय केलं, नवख्यांच्या गटाला सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधीच पाण्यात उतरवलं. कंबरेपर्यंत उभं केलं, तोंडावर पाणी मारायला लावलं, मग तोंड पाण्यात घालून फक्त हळूहळू हवा सोडायची, बुडबुडे काढायचे, दहा वेळा. ट्रेनर म्हणाले, 'घाई कुणालाच नाहीये, श्वास जागेवर आला नाही तोपर्यंत शिट्टी वाजणार नाही'. आणि खरंच नाही वाजवली, एक काका अजून धापा टाकत होते तर त्यांच्यासाठी सगळे थांबलो. मग वीस-वीसच्या तुकड्या करून पाच-पाच मिनिटांनी सोडलं, सगळे एकदम सोडले की लाथा लागतात. आमच्या टोप्या पिवळ्या आणि स्प्रिंटवाल्यांच्या लाल, म्हणजे कायाकवाल्यांना (कायाक म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी) लांबूनच कळावं की पिवळ्यावर नजर ठेवायची. चार कायाक होत्या आणि शिवाय गावातले भोई मंडळी त्यांच्या मासेमारीच्या तराफ्यांवर. कुठल्याही पद्धतीनं पोहलं तरी चालतं, बेडकासारखं, उताणं, कसंही. दमलं तर कायाक धरून थांबायला पण परवानगी असते, फक्त धरून पुढं सरकायचं नाही, तेवढाच नियम.

मी दुसऱ्या फुग्यापाशी थांबले. पाय खाली सोडून बघितले आणि तळ लागला नाही, ते माहितीच होतं तरी पोटात खड्डा पडला. माझ्यापासून चार हातांवर एक भोई काका होते, त्यांनी वल्हं माझ्याकडं केलं आणि म्हणाले, 'धर गं माय, घाबरू नको, आपलं पाणी हाय.' मी वल्हं धरून वीसेक श्वास घेतले. ते काही बोलले नाहीत, घाई केली नाही, जाऊ म्हणलं तर फक्त मान हलवली. बाहेर आले तेव्हा ११ मिनिटं झाली होती. 'आपलं पाणी हाय' हे मी अजून मनात म्हणते, लेडीज बॅचला नवीन आलेल्या मुलींना पण सांगते.

या भागाला दहापैकी दहा. त्यांना एक कळलंय की नवखं माणूस शेवटी असणार, थांबणार, आणि त्याची सोय आधी करून ठेवायची. आणि म्हणूनच पुढं रस्त्यावर जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पाण्यातून सायकलकडं पळत जायचं, टॉवेल, टीशर्ट, बूट. आणि मी सायकलला हात लावला तर व्हॉलंटिअर मुलीनं थांबवलं, आधी हेल्मेट घालून त्याचा पट्टा लावायचा आणि मगच सायकल हलवायची, हा पक्का नियम आहे, मोठ्या स्पर्धेत याला दंड बसतो. आणि स्टँडच्या जागेत सायकलवर बसायचं नाही, रंगवलेल्या रेषेपर्यंत ढकलत न्यायची. हे आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये होतं, मी वाचलं पण होतं, पण पाण्यातून आल्यावर डोकं जरा सुन्न असतं. मुलगी छान बोलली, रागावली नाही.

सायकलचा रस्ता वेबसाईटवर 'हलके चढउतार' असा लिहिला होता. हे बरोबर नाही. पहिले तीन किमी हलकेच आहेत, दोन्हीकडं ज्वारी, मग एक वळण घेतलं की समोर दीड किमीचा सलग चढ उभा. नंतर भाच्याच्या मोबाईलवर बघितलं, ८० मीटरच्या वर चढाई होती तेवढ्यात. पुण्या-कोल्हापूरवाल्यांना हे हलकं वाटत असेल, सोलापूर-लातूरच्या माणसाला नाही. फॉर्म भरतानाच चढाचा नकाशा द्यायला पाहिजे होता, म्हणजे आम्ही दोन-चार रविवार घाटात घालवले असते. माझ्यापुढं तीन जण उतरून सायकल ढकलत होते, त्यातल्या एकाची चेन पडली होती कारण चढ अर्धा झाल्यावर जोरात पायडल मारता मारता त्यानं गिअर टाकला. गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका करून ठेवायचा, पायडल हलकं असताना, हे भाच्यानं मला घोटून घेतलं होतं म्हणून मी बसूनच वर गेले. हळू गेले, चालत जाणाऱ्यापेक्षा थोडीच जास्त, पण उतरले नाही. वर पोचल्यावर मागं वळून बघितलं तर तलाव एवढासा दिसत होता आणि पाण्यात अजून लाल टोप्या. तो एक क्षण मी विसरणार नाही.

उतार मात्र जपून. रस्ता बंद केलेला नव्हता आणि गाळप चालू असल्यामुळं उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, समोरून येत होते. वळणावळणावर शिट्टी घेऊन माणसं होती, त्यांनी काम चोख केलं, ट्रॅक्टरवाल्यांना थांबवत होते आणि ट्रॅक्टरवाले पण थांबत होते. पण परत फिरायच्या जागेवर खडी पडली होती, ती आदल्या दिवशी झाडून घ्यायला हवी होती. ब्रेक वळणाच्या आधी लावा, दोन्ही मिळून, वळणात लावला की खडीवर चाक सरकतं. माझ्यापुढच्या मुलाचं सरकलं, गुडघा फुटला, अँब्युलन्स मात्र पाच मिनिटांत आली. १२ किमीला मला ५२ मिनिटं लागली.

पळणं तलावाच्या भिंतीवरून, सांडव्यापर्यंत जाऊन परत. वरून वाचायला छान वाटतं, एका बाजूला पाणी, एका बाजूला खाली गावची शेतं. पण भिंतीवर सावलीचं एक झाड नाही आणि मी तिथं पोचले तेव्हा साडेनऊ होत आले होते. फेब्रुवारीतलं आपल्याकडचं साडेनऊचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. नकाशावर सांडव्यापाशी पाण्याचं टेबल दाखवलं होतं. मी त्या भरवशावर बाटली सायकललाच ठेवली.

सांडव्यापाशी टेबल नव्हतं. म्हणजे होतं, घडी करून टेम्पोत चढवत होते. रिकामे जार, रिकामे ग्लास. पोरगा म्हणाला, 'काकू, स्प्रिंटवाले आले तेव्हाच संपलं, आम्हाला आवरायला सांगितलंय.' माझ्या मागं अजून नऊ जण होते. नऊ. वेळ पण संपलेली नव्हती, दोन तासातला अर्धा तास बाकी होता. आणि मागचे नऊ जण म्हणजे कोण, ज्यांना पाणी सगळ्यात जास्त लागणार तेच, सगळ्यात जास्त वेळ उन्हात असलेले. नवख्यांची स्पर्धा म्हणायचं आणि पाणी पुढच्यांच्या हिशोबानं ठेवायचं, हे मला अजिबात पटलं नाही, अजूनही पटत नाही.

भिंतीच्या खाली एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि ओरडून विचारलं, 'कुठं पळूलालीस गं एवढ्या उन्हाचं, पाणी पी की आधी.' त्यांच्या बाटलीतलं पाणी मी प्यायले, निम्मं मागच्या काकांसाठी ठेवा म्हणलं, तर म्हणाल्या समद्यांना पुरतंय. माझ्या मागच्या सगळ्यांना त्यांनीच दिलं, नंतर कळालं, नातवाला घरी पाठवून कळशी आणवली होती.

शेवटचा एक किमी ती मघाची हेल्मेटवाली व्हॉलंटिअर मुलगी माझ्याबरोबर पळाली, तिची ड्यूटी संपली होती तरी. एकूण एक तास ३८ मिनिटं. कमानीतून आत आले तर बक्षीस समारंभ चालू होता, माईकवर स्प्रिंटवाल्यांची नावं, टाळ्या तिकडं. मेडल एका खोक्यातून मीच घेतलं. माझ्यानंतरचे नऊ जण पण असेच आले, सगळ्यात शेवटी ते पाण्यात धापा टाकणारे काका, वय ६३, दोन तासाला चार मिनिटं कमी असताना. त्यांच्यासाठी आम्ही आधी पोचलेले सात-आठ जण आणि लातूरच्या बाई कमानीपाशी उभं राहून ओरडलो. माईकवरनं त्यांचं नाव आलं नाही. ज्या माणसासाठी सकाळी अख्खी स्पर्धा थांबवली होती त्याचंच.

नाष्टा फार चांगला. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी केलेला, गरम धपाटे, दही, शेंगाचटणी, आणि एका बाजूला आगटी पेटवून हुरडा. केळी पण होती. शेवटच्या माणसापर्यंत पुरला, हे मुद्दाम लिहिते. फोटोंचे पैसे वेगळे मागत नाहीत, लिंक पाठवतात, माझा एकच आला आणि तो पाण्यातला, पिवळी टोपी आणि वल्हं.

मंगळवारी मी आयोजकांना फोन केला. पाण्याच्या टेबलाचं, खडीचं, चढाच्या नकाशाचं, तंबूच्या चेनचं आणि काकांच्या नावाचं, सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलानं मध्ये तोडलं नाही, लिहून घेतो म्हणाला, आणि दोन दिवसांनी त्या काकांचा फोटो नावासकट त्यांनी सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. पाण्याचं पुढच्या वर्षी कळेल. मी त्यांना सरळ सांगितलंय की शेवटचा माणूस येईपर्यंत सांडव्यावर टेबल ठेवणार असाल तर मी येते, आणि कमी पडत असेल तर टेबलावर आमच्या घरचं एक माणूस बसवते.

पोहायला येत असेल पण तलावाची भीती वाटत असेल तर मी तरी म्हणेन की सुरुवात इथंच करा. ५० मीटर न थांबता पोहता येत नसेल तर मात्र एक वर्ष थांबा. पळताना पाण्याची बाटली स्वतःची घ्या, कंबरेला पट्टा लावून. घाटात चार-पाच वेळा सायकल घाला. माझ्या जाऊबाईंनी सोमवारपासून लेडीज बॅचला नाव घातलंय, सकाळी सव्वासहाची, कुणाला यायचं असेल तर या, बायका दहाच्या वर असल्या की थंडीत ती बॅच बंद करत नाहीत.